शेंदूर, जवस आणि लोखंड

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह यांचींच चित्रें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. आज मी ज्या शत्रूची हकीकत सांगणार आहें, त्याच्याशीं आजवर कोणाचा तह झालेला नाहीं आणि त्याच्यावर कायमचा विजयहि कोणास मिळालेला नाहीं. तो शत्रु म्हणजे लोखंडाचा गंज. त्याला आवरण्यासाठीं मनुष्यानें जे रंग शोधून काढले त्यांची ही कथा आहे. मोटारीच्या किंवा ट्रॉलीच्या खालच्या सांगाड्यावरचा रंग टवके उडून गेला असतां तो पुन्हां लावणें हें काम वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक वाटतें. परंतु त्या चार बोटें जागेंत रसायनशास्त्र, शेती, व्यापार आणि मजुरांचें आरोग्य हीं सर्व एकत्र येऊन बसलेलीं आहेत.

मी हा विषय बोदलकशाच्या बाजूनें पाहतों. बोदलकसा हें गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यांतील गांव. जंगलानें वेढलेल्या टेकड्यांच्या कुशींत येथें जो मोठा तलाव आहे, तो १९१७ सालीं पुरा झाला. नागझिऱ्याचें अरण्य येथून दूर नाहीं. हा सारा मुलुख तलावांचा व धानाचा. पावसाळ्याचे चार महिने, आणि त्यापुढेंहि बांध्यांत पाणी उभें असेपर्यंत, हवेंत ओल भरलेली असते. अशा मुलुखांत लोखंडाची वस्तु उघडी टाकणें म्हणजे ती शत्रूच्या स्वाधीन करणेंच होय. चिखलणीला गेलेला ट्रॅक्टर, खताचीं पोतीं वाहून आणणारी ट्रॉली, तिरोड्याकडे जाणारी मोटार, या सर्वांच्या पोटाखालीं चिखलाचा एक थर कायमचा राहतो, आणि त्या थराच्या आड गंज आपलें काम मुकाट्यानें करीत असतो.

विदर्भाचें लोखंडाशीं नातें फार जुनें आहे. नागपूर जिल्ह्यांतील नायकुंड येथें डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनीं १९७८ ते १९८० या काळांत जें उत्खनन केलें, त्यांत महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी सांपडली. तिचा काळ इसवी सनापूर्वीं सातव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिलावर्तुळांत मृताबरोबर पुरलेलीं लोखंडी हत्यारें व घोड्याचा साज सांपडला आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीं या प्रांतांतला मनुष्य लोखंड गाळीत होता, ठोकीत होता आणि ते बरोबर घेऊन परलोकीं जात होता.

पण गंजाची चिंता त्याला आजच्याइतकी नव्हती, आणि त्याचें कारण साधें आहे. त्या काळीं आणि पुढेंहि शेंकडों वर्षें लोखंड हें थोडें, लहान आणि नेहमीं हातांतलें असे. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ हीं रोज घांसलीं जात. पावसाळ्यानंतर माळ्यावर ठेवतांना त्यांना तेलाचें बोट पुसलें कीं काम भागे. आपली बंडी किंवा रेंगी पहा. तिची धुरा लाकडाची, जूं लाकडाचें, आरे लाकडाचे. वाळवीसाठीं लाकडाला बिब्ब्याचें तेल लावीत. लोखंड होतें तें मुख्यतः चाकाच्या धावेला आणि आंसाला. धाव रस्त्यावर घांसून चकचकीत राही आणि आंस वंगणांत बुडालेला असे. चालत्या धावेला गंज चढत नाहीं. तो चढतो तो अडगळींत पडलेल्या धावेला.

मोठ्या लोखंडाचें एकच प्राचीन उदाहरण सर्वांना ठाऊक असतें, तें दिल्लीच्या लोहस्तंभाचें. गुप्तकाळांतला सहा टनांहून अधिक वजनाचा हा स्तंभ सुमारें सोळाशें वर्षें ऊनपावसांत उभा आहे. त्याचें रहस्य मंत्रांत नाहीं. त्या लोखंडांत फॉस्फरसचें प्रमाण अधिक आहे, आणि त्यामुळें त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेटाचा एक अति पातळ, घट्ट पापुद्रा तयार झाला, असें कानपूरच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक बालसुब्रमण्यम यांनीं दाखवून दिलें. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें मोटारीच्या कारखान्यांत ती पुन्हां भेटणार आहे.

आतां गंज म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. शाळेंत आम्ही तीन नळ्यांचा प्रयोग करून दाखवीत असूं. एका नळींत खिळा आणि कोरडी हवा. दुसरींत खिळा, उकळून हवा काढलेलें पाणी आणि वर तेलाचा थर. तिसरींत खिळा, साधें पाणी आणि हवा. आठ दिवसांनीं पहिल्या दोन नळ्यांतील खिळे जसेच्या तसे, आणि तिसरींतला तांबूस झालेला. म्हणजे नुसती हवा लोखंड खात नाहीं, नुसतें पाणीहि खात नाहीं; दोघांची युति झाली म्हणजेच घात होतो. त्यांत मीठ किंवा क्षार पडले कीं वेग वाढतो. शेतांत टाकण्याचें पोटॅश हें एक क्लोराइडच आहे आणि तें हवेंतली ओल ओढून घेतें. म्हणून खत वाहणारी ट्रॉली लवकर सडते. आणखी एक गोष्ट अशी कीं, गंज हा मूळ लोखंडापेक्षां कितीतरी पट जास्त जागा व्यापतो. तो फुगतो, वरच्या रंगाला उचलतो, आणि त्या फटींतून आणखी पाणी आंत शिरतें. तांब्यावरचा हिरवा कळंक तांब्याला झांकून ठेवतो. लोखंडाचा गंज मात्र लोखंडाला झांकीत नाहीं, उघडें पाडतो.

एकोणिसाव्या शतकांत परिस्थिति पालटली. लोखंड हातांतून निघून वाटेवर, नदीवर आणि डोंगरांत जाऊन उभें राहिलें. आपल्या भागांत हा पालट रेल्वेनें आणला. नागपूर ते राजनांदगांव ही नागपूर छत्तीसगढ रेल्वे १८८२ सालीं पुरी झाली. तिच्याच वाटेवर तिरोडा आणि गोंदिया आहेत. १८८७ सालीं बंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली आणि तिनें तो मार्ग रुंद केला. पुढें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत गोंदियाहून जबलपूरकडे आणि नागभीडकडे अडीच फुटी रुळांचे फांटे गेले. पूल, डबे, डब्यांखालचे सांगाडे, पाण्याच्या टाक्या असें हजारों मण लोखंड धानाच्या मुलुखांत येऊन पडलें. त्याला रोज घांसणार कोण आणि तेल कोण पुसणार? तेथें रंगच पाहिजे होता. पावसाळ्यापूर्वीं पूल खरवडणारे आणि रंगवणारे मजूर ही एक नवी जात, एक नवा धंदा, रेल्वेबरोबर जन्माला आला.

या मजुरांच्या डब्यांत जो पहिला रंग असे तो आपल्या घरांतलाच होता. इंग्रज त्याला रेड लेड म्हणे. आपण त्याला शेंदूर म्हणतों. गांवोगांवच्या मारुतीला जो शेंदूर तेलांत कालवून लावतात तो, आणि लोखंडी पुलावर जवसाच्या तेलांत कालवून पहिला हात म्हणून जो देत तो, मूळ पदार्थ एकच. शिसें तापवून हवेंत भाजलें म्हणजे प्रथम मुर्दाडशिंग होतें आणि तेंच पुढें बेताच्या आंचेवर फार वेळ भाजलें म्हणजे नारिंगी तांबडा शेंदूर होतो. आपल्या रसशास्त्रांत शिशाला नाग म्हणतात, आणि वैद्य मंडळींना ही भस्में फार पूर्वींपासून परिचयाचीं आहेत. युरोपांतहि हाच रंग मिनियम या नांवानें हस्तलिखितांची आद्याक्षरें रंगवण्यासाठीं वापरीत, आणि बारीक चित्राला जें मिनिएचर म्हणतात तें नांव आकारावरून पडलेलें नसून या मिनियमावरून पडलेलें आहे.

शेंदराला जोड मिळाली ती जवसाच्या तेलाची. तिळाचें तेल वाळत नाहीं. म्हणून मारुतीच्या अंगावरचा शेंदूर हाताला लागतो, थरांवर थर चढतात आणि केव्हांतरी ते कवच गळून पडतें. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर साठलेला शेंदराचा जाड थर २०२२ सालीं काळजीपूर्वक उतरवण्यांत आला, हें पुष्कळांना आठवत असेल. जवसाचें तेल मात्र हवेंतील प्राणवायु शोषून घेऊन घट्ट होतें आणि चामड्यासारखा चिवट पापुद्रा धरतें. याहून मोठा गुण निराळाच आहे. शिसें आणि तेलांतील आम्लें यांच्या संयोगानें एक प्रकारचा साबण तयार होतो; त्याच्या विघटनांतून निघणारे पदार्थ लोखंडाच्या पृष्ठभागाला निष्क्रिय करून ठेवतात. इंग्रज रसायनज्ञ मेन यांनीं विसाव्या शतकाच्या मध्यास हा उलगडा केला. म्हणजे शेंदूर हा नुसता पांघरूण नव्हता, पहारेकरी होता. पृष्ठभाग अगदीं निर्मळ नसला तरी तो काम करी. म्हणूनच पुलावर लोंबकळून तारेच्या ब्रशानें जेमतेम खरवडणाऱ्या मजुराला तो इतका सोयीचा झाला.

आणि हें जवस कोठलें? तें आपल्याच धानपट्टीचें! धान उभें असतांनाच बांधींतल्या ओलींत जवस आणि लाखोरी फेंकून द्यावयाची ही झाडीपट्टींतली जुनी रीत आहे. धान कापल्यावर त्याच ओलीवर निळ्या फुलांचें जवस वाढतें. ब्रिटिश अमदानींत मध्यप्रांताचें जवस रेल्वेनें मुंबईला जाई आणि तेथून विलायतेला. तिकडे त्याचें तेल निघे, तेलाचा रंग होई, आणि तो रंग डब्यांत भरून परत येई. ज्या बंगाल नागपूर रेल्वेनें आमचें जवस नेलें, तिच्याच पुलांवर त्याच जातीचें तेल रंग होऊन चढलें. पुढें देशांतहि कारखाने निघाले. १९०२ सालीं हावड्यास शालिमार, १९२० सालीं मुंबईस आज नेरोलॅक या नांवानें ओळखली जाणारी कंपनी, आणि १९४२ सालीं मुंबईसच एशियन पेंट्स, असा हा क्रम आहे.

मोटार आली तेव्हां तिनें हा रंग आगगाडीकडून वारशानें घेतला. आरंभींच्या मोटारींत वरचा देह बहुधा लाकडाचा आणि खालीं पोलादाचा शिडीसारखा सांगाडा असे. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर ही आपल्या एस. टी. ची पहिली गाडी सुटली, तिचाहि देह लाकडीच होता. त्यानंतर एस. टी. च्या गाड्यांना ॲल्युमिनियमचे देह आले. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाहीं, तें हलकेंहि असतें. परंतु अपघातांत तें तग धरीत नाहीं. म्हणून २०१६ नंतरच्या वर्षांत महामंडळानें पुन्हां पोलादी देहाची वाट धरली. प्रवाशांच्या जीवासाठीं हा निर्णय योग्यच झाला. मात्र त्याबरोबर गंजाशीं जुनें भांडणहि परत आलें.

मोटारीच्या कारखान्यांतील रंगाची रीत तोंवर पालटली होती. इंग्लंडांत कॉस्लेट यांनीं १९०६ सालीं पोलाद फॉस्फरिक आम्लानें धुऊन त्यावर फॉस्फेटाचा पापुद्रा आणण्याचें पेटंट घेतलें. दिल्लीच्या स्तंभावर जें काळानें सावकाश केलें तें येथें कांहीं मिनिटांत होऊं लागलें. जस्ताचा उपयोग त्याहून जुना. पोलादावर वितळलेल्या जस्ताचा थर देण्याचें पेटंट फ्रान्सांत सोरेल यांनीं १८३७ सालीं घेतलें. जस्त आपण झिजतें आणि लोखंडाला वांचवतें. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें मोटारीचा सबंध देह रंगाच्या हौदांत बुडवून विजेच्या योगें रंग चढवण्यास आरंभ केला. त्या युक्तीनें, जेथें ब्रश पोंचत नाहीं अशा कोपऱ्यांतहि रंग जाऊन बसतो.

तरीहि गाडी एकदां कारखान्याच्या दारांतून बाहेर पडली कीं तो हौद मागें राहतो. नंतर उडालेला खडा जो टवका काढील तो ब्रशानेंच बुजवावा लागतो. म्हणून आतां त्या कामाकडे वळूं.

सांगाड्याला गंज सगळीकडे सारखा लागत नाहीं. तो आपल्या जागा निवडतो. रिव्हेटाचीं डोकीं, जोडाचे सांधे, स्प्रिंगा जेथें टांगलेल्या असतात ते कोपरे, चाकाच्या माऱ्यांत येणारा भाग, आणि ज्या भोंकांतून पाणी निथळावें तीं चिखलानें बुजलेलीं भोंकें, या त्याच्या मर्माच्या जागा. प्रथम चिखल धुऊन काढावा आणि गाडी पुरती वाळूं द्यावी; वैशाखाच्या उन्हाचा याहून चांगला उपयोग नाहीं. फुगलेला रंग दिसला कीं तो निर्दयपणें खरवडावा. कारण रंगाचा फुगा हा गंजाचा तंबू असतो. त्यावर नवा रंग देणें म्हणजे शत्रूच्या डोक्यावर छत्र धरणें. लोखंड उजळ दिसेपर्यंत घांसावें, आणि भोंवतालच्या शाबूत रंगाची कड उतरती करावी, म्हणजे नव्या-जुन्याच्या सीमेवर पायरी राहत नाहीं आणि पाणी तेथें थबकत नाहीं. मग तेलकटपणा पुसून त्याच दिवशीं पहिला हात द्यावा. उजळलेलें लोखंड रात्रभर उघडें राहिलें तर सकाळीं त्यावर तांबूस छाया दिसतेच. एका जाड हातापेक्षां दोन पातळ हात बरे. पहिला पुरता वाळल्यावर दुसरा. वर काळा रंग, आणि पोकळ भागांत मेण किंवा घट्ट तेल. एवढें सगळें केल्यावरहि वर्षानें पुन्हां वांकून पाहावें लागतें, कारण ही डागडुजी आहे, मुक्ति नव्हे.

वांकून पाहावयाचें कां, हें एका उदाहरणानें सांगतों. गुजराथेंत मोरवी येथें मच्छु नदीवरचा झुलता पूल दुरुस्तीनंतर लोकांना खुला केला गेला आणि थोड्याच दिवसांत, ३० ऑक्टोबर २०२२ रोजीं, तुटून पडला. १३५ माणसें मृत्युमुखीं पडलीं. तपास पथकाला असें आढळलें कीं, मुख्य दोरखंडांपैकीं एकाच्या ४९ तारांपैकीं २२ तारा गंजलेल्या होत्या आणि बहुधा त्या आधींच तुटलेल्या होत्या. पूल नवा दिसत होता. दोरखंड जुनाच होता. आपल्याकडच्या आठवडी बाजाराच्या दिवशीं माणसांनीं भरून धांवणाऱ्या ट्रॉलीच्या जोडाबद्दलहि हाच प्रश्न विचारण्यासारखा आहे. तिला रंग केव्हां दिला हें पुष्कळांना सांगतां येईल. रंगाखालीं काय आहे हें किती जणांनीं पाहिलेलें असतें?

येथवर मी शेंदराचे गुण गाइले. आतां त्याचा दोष सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी होत नाहीं. कारण तो दोष माणसाच्या हाडांत जाऊन बसतो. शिसें हें विष आहे. इटलींतील वैद्य रामाझ्झिनी यांनीं १७०० सालीं निरनिराळ्या धंद्यांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत रंगाऱ्यांच्या दुखण्यांचा समावेश होता. पोटांत कळा, हातांची शक्ति जाणें, मेंदूला इजा होणें हीं या विषाचीं लक्षणें. लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीला तर तें थोड्या प्रमाणांतहि घातक ठरतें. १९२१ सालीं जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनें पांढऱ्या शिशाच्या रंगासंबंधीं करार केला. त्यांत स्त्रिया आणि अठरा वर्षांखालील मुलें यांना शिशाच्या रंगाच्या औद्योगिक कामापासून दूर ठेवण्याचें कलम होतें. शंभर वर्षांपूर्वींच हें ठाऊक झालें होतें, आणि तरीहि पुलावरचा शेंदूर खरवडणाऱ्या मजुराच्या तोंडावर फडक्यापलीकडे कांहीं नसे. लोखंड दीर्घायुषी व्हावें म्हणून त्यानें आपलें आयुष्य कमी केलें. पुलाच्या दगडावर अभियंत्याचें नांव कोरलेलें सांपडतें. या माणसांचीं नांवें कोठेंहि नाहींत.

आपल्या देशांत पेट्रोलांतील शिसें १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालें. घरगुती आणि शोभेच्या रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षां अधिक नसावें असा नियम २०१६ सालीं झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. पण शब्दांकडे लक्ष द्यावें. नियम घरगुती व शोभेच्या रंगांचा आहे. कारखान्यांतील आणि यंत्रांवरील रंग त्याच्या कक्षेंत येत नाहींत. शिवाय जुन्या लोखंडावर चढलेला शेंदूर कोणत्याहि नियमानें उतरत नाहीं. म्हणून ज्यांच्या दारांत जुनी ट्रॉली, जुनें फाटक किंवा जुना सांगाडा आहे त्यांनीं दोन गोष्टी कराव्यात. नारिंगी थर दिसला तर तो कोरडा घांसून धूळ उडवूं नये; ओला करून खरवडावा, नाकातोंडावर धूळ अडवणारा चांगला मुखवटा बांधावा, आणि खरवड गोळा करून मुलांच्या व गुरांच्या वाटेपासून दूर ठेवावी; हात धुतल्याशिवाय जेवूं नये. दुसरी गोष्ट, नवा हात देतांना शिशाचा रंग घेऊंच नये. जस्ताच्या फॉस्फेटाचे अस्तर आज बाजारांत मिळतें आणि सांगाड्याला तें पुरतें. त्याला लोखंड अधिक स्वच्छ लागतें, एवढाच त्याचा हट्ट आहे. म्हणजे श्रम थोडे अधिक आणि विष नाहीं. हा सौदा महाग नाहीं.

आपल्या तलावांच्या मुलुखांत मृग लागण्याच्या आधीं पाळींची डागडुजी करण्याची परंपरा फार जुनी आहे. कोहळी लोकांनीं बांधलेले तलाव शतकें टिकले ते या दरवर्षींच्या डागडुजीमुळें. पाळ कोठें खचली, पाणी बाहेर सोडण्याची तुडूम कोठें गळते, हें गांव जाऊन पाही. लोखंडालाहि हीच रीत लावावी, एवढेंच माझें सांगणें आहे. रोवणीची गडबड सुरू होण्यापूर्वीं एक सकाळ गाडीच्या खालीं घालवावी, तारेचा ब्रश आणि अस्तराचा एक लहानसा डबा जवळ असावा, आणि घरांतल्या मोठ्या मुलांना शेजारीं उभें करून कोठें काय आढळलें तें दाखवावें. ज्या घरांत हें होईल तेथें आणखी वीस वर्षांनीं ती ट्रॉली भार वाहत असेल, आणि तिच्यावर बसणारीं माणसें निर्धास्त असतील.